स्प्रॉकेटमागचं ऑईल सील बदलताना

चेन कव्हरखाली तेलाचे थेंब दिसले की आपण धावत जाऊन स्प्रॉकेटमागचं (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकामागचं) नवं ऑईल सील, म्हणजे शाफ्टभोवती तेल अडवणारी रबरी कडी, आणतो. मीही तेच केलं होतं. माझी १९८७ सालची फोर स्ट्रोक मोटरसायकल. एका महिन्यात दोन वेळा सील बदललं, आणि दोन्ही वेळा चार-पाच दिवसांत जमिनीवर तोच डाग. सील बिचारं ठीक होतं. गिअरबॉक्सच्या शाफ्टवर जी कॉलर (धातूची छोटी नळी) बसते, तिच्या आतली ओ-रिंग, म्हणजे बारीक रबरी रिंग, कडक होऊन चपटी झाली होती. तेल सीलमधून नाही, तर कॉलर आणि शाफ्ट यांच्या मधून येत होतं. तेव्हापासून तेल नेमकं कुठून येतंय ते दिसल्याशिवाय मी पाना उचलत नाही.

ते पाहायचं कसं? कव्हर काढा, चेनचा काळा चिखल रॉकेल आणि ब्रशने पार धुऊन टाका, कोरडं पुसा आणि सगळीकडे टाल्कम पावडरचा पातळ थर मारा. इंजिन दहा मिनिटं चालवा. पावडर जिथे आधी ओली होईल, तिथे गळती. तेल खाली उतरतं आणि वाऱ्याने मागे जातं, म्हणून सगळ्यात वरची ओली जागा धरायची. कधी मॅग्नेटो (वीज तयार करणारा भाग) कव्हरचं गास्केट पाझरतं, कधी गिअर लिव्हरच्या शाफ्टचं छोटं सील, आणि बोल मात्र स्प्रॉकेटच्या सीलला लागतो.

सील काढण्याआधी आणखी दोन गोष्टी तपासा. ब्रीदर पाईप (इंजिनमधली हवा बाहेर सोडणारी नळी) काढून त्यात फुंकर मारा. तो तुंबला असेल तर इंजिनच्या पोटात दाब साठतो आणि तेल सापडेल त्या वाटेने बाहेर येतं. मग, पुढे सांगितल्याप्रमाणे स्प्रॉकेटचा नट सैल करून चेन उतरवल्यावर, शाफ्ट हातात धरून वर-खाली हलवा. 'टक टक' असा धक्का जाणवला तर बेअरिंग गेलंय, आणि डगमगत्या शाफ्टवर कुठलंच सील टिकत नाही. बेअरिंगची ही अवस्था बऱ्याचदा चेन फार ताणून ठेवल्याने होते.

स्प्रॉकेटचा नट चेन चढलेली असतानाच सैल करा: लॉक वॉशरचा दुमडलेला कान सरळ करायचा, गाडी गिअरमध्ये टाकायची, मागचा ब्रेक कुणाला तरी दाबून धरायला सांगायचा. चेन काढून बसलात तर शाफ्ट फिरत राहतो. तेल काढून टाका, नाहीतर सील निघताच ते बाहेर येईल. स्प्रॉकेट आणि कॉलर काढल्यावर सीलभोवतीची जागा पुन्हा एकदा पुसा. तिथला वाळूचा एक कणही आत जाता कामा नये.

आता थोडं थांबा. काही इंजिनांत सीलला आतल्या बाजूने कड असते आणि ती केसिंगच्या (इंजिनच्या कवचाच्या) खाचेत बसते. असं सील बाहेरून निघत नाही. त्यासाठी केसिंग उघडावं लागतं. पार्ट्सच्या पुस्तकातलं चित्र किंवा नवं सील हातात घेऊन हे आधीच बघा. साधं सील असेल तर त्याच्या सपाट चेहऱ्यावर बारीक दाभणाने भोक पाडा, छोटा स्क्रू दोन-तीन आटे बसेल इतकाच फिरवा आणि पक्कडीने तो सरळ बाहेर ओढा. स्क्रू खोल गेला तर मागच्या बेअरिंगला लागेल. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. केसिंगच्या भोकाला किंवा शाफ्टला ओरखडा पडला की तो भरून येत नाही.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम यानंतरचं आहे. सीलची लिप (शाफ्टला टेकणारी रबरी धार) जिथे घासते, त्या पट्ट्यावरून नख फिरवा. नख अडकलं, तर तिथे चर पडलाय. कॉलर असेल तर ती आणि आतली ओ-रिंग, दोन्ही नवी घ्या. सील थेट शाफ्टवर बसत असेल, तर जागा असल्यास नवं सील एखादा मिलिमीटर बाहेर ठेवा, म्हणजे लिप कोऱ्या धातूवर येते. नुसता गंज असेल तर बारीक पॉलिश पेपर शाफ्टभोवती गोल फिरवा, लांबीच्या दिशेने कधीच नाही. उभे ओरखडे म्हणजे तेलाला बाहेर यायला केलेले पाट.

सीलवर तीन आकडे असतात, उदाहरणार्थ २०, ३५, ७. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, मिलिमीटरमध्ये. गिअरबॉक्सला साधं नायट्राईल रबर पुरतं. जास्त उष्णतेच्या जागी व्हिटॉन चांगलं. घेताना लिप बोटाने वाकवून बघा. वर्षानुवर्षं पडून राहिलेलं सील कडक झालेलं असतं.

बारीक स्प्रिंग दिसते ती बाजू तेलाकडे, म्हणजे आत. लिपवर ग्रीसचं बोट फिरवा. शाफ्टच्या दात्यांवर सेलोटेप गुंडाळा, नाहीतर नवी लिप आत सरकवतानाच फाटेल. सीलच्या बाहेरच्या व्यासापेक्षा किंचित लहान सॉकेट ठेवून हलक्या हाताने ठोका, चारही बाजूंनी थोडं थोडं. वाकडं जायला लागलं तर पुढे ठोकू नका, काढून पुन्हा सरळ लावा. टेप काढा, ओ-रिंगला ग्रीस लावून ती आधी बसवा आणि कॉलर हळूहळू फिरवत आत घाला.

टू स्ट्रोकवाल्यांसाठी एक सूचना. तुमच्या क्रँकचं (इंजिनच्या मुख्य शाफ्टचं) मॅग्नेटोकडचं सील गेलं तर थेंब दिसेलच असं नाही. त्यातून बाहेरची हवा आत ओढली जाते, आयडलिंग आपोआप चढतं, प्लग पांढरा पडतो. तशी गाडी चालवत राहिलात तर पिस्टन जाम होईल.

जोडताना लॉक वॉशर नवा घाला आणि चेनला पुस्तकात दिलेला ढिलेपणा ठेवा. बऱ्याच गाड्यांना २० ते ३० मिलिमीटर असतो. तेल भरा, दहा-पंधरा किलोमीटर फिरून या, कव्हर काढून बघा. लिपला लावलेल्या ग्रीसची पुसट कड दिसेल, ती पुसा. दुसऱ्या फेरीनंतरही जागा कोरडी असेल, तर कव्हरच्या आतल्या बाजूला तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा. मी खिळ्याने कोरतो; मार्करची शाई चेनच्या तेलात टिकत नाही.