आरव्हीचा जीपीएस वापरताना या चुका टाळा

आरव्हीसाठी (राहायची सोय असलेल्या गाडीसाठी, म्हणजे मोटरहोम किंवा ट्रेलरसाठी) बनवलेला नेव्हिगेटर दिसायला मोबाइलवरच्या नकाशासारखाच असतो. तोच बाण, तीच रंगीत रेघ, तसाच वळणं सांगणारा आवाज. खरा फरक आत आहे. पुलांची उंची, भारमर्यादा, तीव्र उतार, अरुंद वळणं, प्रोपेन (गाडीतल्या चुलीचा, हीटरचा गॅस) नेण्यावरची बंदी ही माहिती त्याच्या नकाशात असते आणि रस्ता निवडताना ती तो तुमच्या गाडीच्या मापांशी ताडून पाहतो. म्हणजे त्याचं उत्तर दोन गोष्टींवर अवलंबून आहे: नकाशात काय आहे आणि गाडीबद्दल तुम्ही काय भरलंय. नकाशा कंपनी बनवते, पण मापं तुम्हीच भरता. माझ्या मते निम्म्याहून जास्त घोळ तिथेच होतो, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

माहितीपत्रकातली उंची जशीच्या तशी भरणं

माहितीपत्रकात छापलेली उंची बऱ्याचदा कारखान्यातून निघालेल्या गाडीची असते. त्यानंतर छतावर एसी बदललेला असतो, डिश बसवलेली असते, सोलर पॅनल किंवा सामानाची पेटी आलेली असते. भाड्याने घेतलेल्या गाडीच्या कागदांवरही नेमक्या तुमच्या हातातल्या गाडीची उंची असेलच, अशी खात्री धरू नका. स्वतः मोजा.

मोजायची पद्धत सोपी आहे. गाडी सपाट जमिनीवर उभी करा, टायरमध्ये प्रवासाला लागते तेवढी हवा ठेवा. छतावरच्या सगळ्यात उंच वस्तूवर एक सरळ, लांब पट्टी आडवी धरा, तिचं दुसरं टोक गाडीच्या कडेबाहेर येऊ द्या आणि तिथून जमिनीपर्यंत टेप सोडा. पट्टीवर लेव्हल ठेवली तर उत्तम. हे काम दोघांचं आहे. एकट्याने केलं की पट्टी तिरकी होते आणि दोन इंच इकडचे तिकडे होतात. रिकामी गाडी भरलेल्या गाडीपेक्षा थोडी उंच उभी राहते, म्हणून सामान भरायच्या आधी मोजलेली उंचीच धरा. तिच्यात चारेक इंच वाढवून तो आकडा भरा. रस्त्यावर नवा डांबराचा थर चढला किंवा बर्फ साचला, तर पुलाच्या फलकावरच्या उंचीतले काही इंच तिथेच संपतात. उलट, घाबरून दीड-दोन फूट वाढवलेत तर यंत्र चांगले रस्तेही नाकारेल आणि उगाच लांबचा वळसा घालायला लावेल.

आता या सगळ्यातली सर्वांत धोकादायक गफलत: फूट-इंच आणि दशांश. समजा गाडी 12 फूट 10 इंच उंच आहे आणि कोणी घाईत 12.1 भरलं. दशांशात 12.1 म्हणजे 12 फूट आणि जेमतेम सव्वा इंच. यंत्राच्या लेखी तुमची गाडी जवळपास 9 इंच बुटकी झाली. खरा आकडा 12.83 आहे. मीटरमध्ये भरायचं असेल तर वरच्या बाजूला पूर्ण करून 3.92. आकडा भरल्यावर त्या पानावरून बाहेर पडा, परत आत जा आणि स्क्रीनवर काय उमटलंय ते एकदा मोठ्याने वाचा. फुटांच्या आणि इंचांच्या चौकटी वेगळ्या आहेत का, तेही तेव्हाच दिसेल.

एवढ्या काटेकोरपणाची गरज का, ते अमेरिकेतल्या डरॅम शहरातल्या रेल्वेपुलाकडे पाहिलं की कळतं. 11 फूट 8 इंच उंचीचा हा पूल ट्रक आणि आरव्हींची छपरं सोलण्यासाठीच प्रसिद्ध होता. 2019 मध्ये तो उचलून 12 फूट 4 इंचांवर नेला, त्यानंतरही गाड्या त्याला धडकतच राहिल्या. तिथे आधी इशाऱ्याचे फलक आहेत, दिवे आहेत. तरीही धडका बसतात, कारण चालवणाऱ्याला स्वतःच्या गाडीची उंचीच ठाऊक नसते. मोजलेली उंची फूट-इंच आणि मीटर अशी दोन्ही लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवून ठेवा.

लांबी आणि वजनाकडे दुर्लक्ष

लांबी म्हणजे मोटरहोम अधिक मागे टोचन केलेली कार किंवा ट्रेलर, मधल्या दांड्यासकट. अमेरिकेतल्या ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातल्या गोइंग-टु-द-सन रस्त्याच्या डोंगराळ टप्प्यात 21 फुटांपेक्षा लांब किंवा आरशांसह 8 फुटांपेक्षा रुंद वाहन चालत नाही, आणि 10 फुटांपेक्षा उंच वाहनाला पुढे आलेल्या खडकांची अडचण होऊ शकते. लांबीत टोचनही मोजलं जातं. बहुतेक मोटरहोम इथे बसत नाहीत, आणि लांबी कमी भरली असेल तर हे यंत्राकडून कळायची शक्यताही तेवढीच कमी.

वजनासाठी दाराजवळच्या पाटीवरचा कमाल भाराचा आकडा भरून मोकळे होऊ नका. पाणी, इंधन, सामान, माणसं सगळं भरून ट्रक स्टॉपच्या वजनकाट्यावर एकदा गाडी चढवा. त्या निमित्ताने गाडी ओव्हरलोड आहे का, हेही कळतं.

गाडी बदलली, प्रोफाइल तेच

प्रोफाइल म्हणजे यंत्रात जतन केलेली एका गाडीची मापं. ते बदलायचं राहून जाणं, हे फार होतं. कॅम्पग्राउंडवर (आरव्ही मुक्कामाला लावायच्या जागेवर) मोटरहोम लावली, मागची कार सोडवली, नेव्हिगेटर काढून कारमध्ये लावला आणि गावात फिरायला निघाले. प्रोफाइल कारचं केलं, कारण नाहीतर यंत्र साध्या गल्लीतूनही जाऊ देत नाही. दुसऱ्या दिवशी तेच यंत्र परत मोटरहोमच्या काचेवर, आणि प्रोफाइल कारचंच. स्क्रीनवर काहीही वेगळं दिसत नाही. एका कोपऱ्यात छोटंसं चिन्ह असतं, बस.

उपाय म्हणून चांगली सवय लावायची असेल तर ही: इंजिन सुरू केल्यावर, गिअर टाकण्याआधी, ते चिन्ह बघायचं. शेजारी बसलेल्याने मोठ्याने विचारायचं, "प्रोफाइल कुठलं आहे?" टोचनसह आणि टोचनाशिवाय अशी दोन वेगळी प्रोफाइलं बनवून ठेवली तर लांबी दरवेळी बदलावी लागत नाही.

यू-टर्नची मुभा

सेटिंगमध्ये टाळायच्या गोष्टींची यादी असते: टोल, फेरीबोट, कच्चे रस्ते, यू-टर्न. यातले यू-टर्न आणि कच्चे रस्ते पहिल्याच दिवशी टाळायला लावा. चारही चाकं जमिनीवर ठेवून कार टोचन करत असाल, तर ती जोडलेली असताना गाडी मागे घेता येत नाही. कारची पुढची चाकं आडवी वळतात आणि दांड्यावर ताण येतो. अशा वेळी अरुंद रस्त्यावर चुकलात तर भर रस्त्यात कार सोडवण्याशिवाय मार्ग नाही. "जलद" आणि "जवळचा" यांत नेहमी जलद निवडा. जवळचा रस्ता चार किलोमीटर वाचवण्यासाठी गल्लीबोळांत शिरतो.

प्रोपेन बंद, नकाशा जुना

प्रोपेनचा पर्याय अनेक जण पाहतच नाहीत. टाकी गाडीला कायमची बसवलेली असते, तेव्हा तिचा विचारही मनात येत नाही. पण अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या बंदराखालून जाणाऱ्या दोन्ही बोगद्यांत 10 पौंडांपेक्षा मोठ्या प्रोपेनच्या टाकीला बंदी आहे, आणि आरव्हीवरच्या टाक्या सहसा त्याहून मोठ्याच असतात.

याच ठिकाणी जुन्या नकाशाची किंमतही कळते. बोगदे टाळणाऱ्यांना पूर्वी फ्रान्सिस स्कॉट की पुलाचा पर्याय होता. 26 मार्च 2024 ला मालवाहू जहाज आदळून तो पूल कोसळला. ज्याच्या यंत्रात त्याआधीचा नकाशा आहे, त्याने प्रोपेनचं सेटिंग अगदी बरोबर केलं तरी यंत्र त्याला अस्तित्वात नसलेल्या पुलाकडे नेईल. दोन्ही गोष्टी जुळल्या तरच रस्ता बरोबर निघतो.

नकाशा अद्ययावत करायला काही तास लागू शकतात, म्हणून ते काम घरच्या वायफायवर निघण्याच्या आठवडाभर आधी करा. कॅम्पग्राउंडच्या मंद वायफायवर ते अर्ध्यात अडकतं. यंत्र चार्जरला लावून ठेवा, मध्येच वायर काढू नका. जागा कमी पडतेय असा संदेश आला तर मेमरी कार्ड घाला किंवा लागत नसलेल्या खंडाचा नकाशा काढून टाका. आधी जतन केलेल्या ठिकाणांची प्रत संगणकावर घेऊन ठेवा.

इशारा न वाचता "पुढे चला"

कधीकधी मुक्कामाच्या ठिकाणी पोचणारा एकही रस्ता तुमच्या मापांत बसत नाही, किंवा शेवटच्या टप्प्याची माहितीच नकाशात नसते. तेव्हा यंत्र एक चौकट दाखवतं: या वाहनासाठी मार्ग सुरक्षित असल्याची खात्री नाही, पुढे जायचं का? दिवसभर गाडी चालवून दमलेला माणूस "हो" दाबतो आणि त्यानंतर तेच यंत्र त्याला एखाद्या कारसारखं नेऊ लागतं. पूर्ण प्रवासात सर्वांत नीट वाचायची चौकट हीच आहे. ती आली की गाडी सुरक्षित जागी थांबवा, कॅम्पग्राउंडला फोन करा आणि विचारा, "मोठ्या गाड्या कुठल्या बाजूने येतात?" रोज गाड्या येताना पाहणाऱ्या माणसाला ते नेमकं माहीत असतं.

आणि यंत्राने इशारा दिला नाही म्हणजे अडथळा नाही, असंही नाही. पेट्रोल पंपाचं छत, झाडाच्या लोंबत्या फांद्या, कॅम्पग्राउंडच्या आतली वायर यांची नोंद सहसा नकाशात नसते. जुन्या कमानीच्या पुलांखाली मधली उंची जास्त आणि कडेची कमी असते. न्यूयॉर्कच्या आसपासच्या पार्कवेंवर (मुख्यतः कारसाठीच्या रस्त्यांवर) असे कमी उंचीचे पूल पुष्कळ आहेत. फलक आणि यंत्र यांत तफावत असेल, तर फलकाचंच ऐकायचं.

पत्ता बरोबर, जागा चुकीची

कॅम्पग्राउंडचा टपालाचा पत्ता आणि गाड्यांचं प्रवेशद्वार एकाच रस्त्यावर असतील असं नाही. दूरच्या उद्यानांत तर घर क्रमांकच नसतो. डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यान स्वतःच पर्यटकांना बजावतं की इथे जीपीएसच्या भरवशावर राहू नका. अशा ठिकाणी प्रवेशद्वाराचे अक्षांश-रेखांश मिळवा. ते भरताना मात्र पद्धत तपासा. 44 अंश 30 मिनिटं म्हणजे 44.5, पण कोणी 44.30 भरलं तर खूण साधारण 22 किलोमीटर दूर पडते. अमेरिका-कॅनडात दशांश पद्धतीने रेखांश भरताना आकड्याआधी उणे चिन्ह लागतं, तेही विसरू नका. भरून झाल्यावर नकाशा लांबून आणि जवळून असा दोन्ही बघा.

यंत्रच नीट चालत नसेल तर

*उपग्रह सापडत नाहीत.* जागा ठरवायला किमान चार उपग्रह लागतात. यंत्र महिनोन्महिने बंद होतं किंवा शेकडो किलोमीटर दूर नेऊन सुरू केलं, तर त्याला उपग्रहांची ताजी माहिती मिळवावी लागते. सगळ्या उपग्रहांच्या माहितीची संपूर्ण यादी प्रसारित व्हायला साडेबारा मिनिटं लागतात. मोकळ्या आकाशाखाली, गाडी न हलवता वाट पाहा. तरीही सिग्नल कमजोर असेल तर काचेवर धातूचा थर आहे का पाहा. शेजारचा डॅशकॅम (रस्ता टिपणारा काचेवरचा कॅमेरा) आणि स्वस्त यूएसबी चार्जर काढून बघा. त्यांचा व्यत्यय पुष्कळदा कारणीभूत असतो.

*तारीख भलतीच दिसते.* जीपीएसचा आठवड्यांचा आकडा 1024 आठवड्यांनी शून्यावर येतो. 6 एप्रिल 2019 ला तसं झालं आणि काही जुनी यंत्रं गोंधळली. सॉफ्टवेअर अद्ययावत होत नसेल तर ते यंत्र बदलणंच बरं.

*रहदारीची माहिती येत नाही, किंवा चार्ज होताना नकाशाच जातो.* बहुतेक वेळा वायर बदललेली असते. काही मॉडेलांत रहदारीची माहिती पकडणारा भाग गाडीच्या मूळ वायरमध्येच असतो. साध्या यूएसबी वायरने यंत्र स्वतःला संगणकाला जोडलेलं समजू शकतं.

*आवाज येत नाही.* ब्लूटूथ आधी तपासा. सूचना गाडीच्या स्टिरिओकडे जात असतात आणि तो दुसऱ्याच स्रोतावर लावलेला असतो.

*स्क्रीन गोठली.* पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा. वारंवार होत असेल तर उष्णता हे कारण असू शकतं. उन्हात उभ्या गाडीच्या काचेवर यंत्र ठेवून जाऊ नका. बॅटरी फुगून पाठीमागचं झाकण उचललं गेलं असेल तर ते यंत्र लगेच वापरातून काढा.

*सक्शन कप सारखा पडतो.* काच आणि कप दोन्ही पुसा, कोरडे करा. काचेवर यंत्र कुठे लावता येतं याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. कॅलिफोर्नियात ते काचेच्या खालच्या ठरावीक कोपऱ्यांतच चालतं.

पोचायच्या वेळेवरही फार विसंबू नका. यंत्र वेगमर्यादा धरून हिशोब करतं, पण चढावर आणि वाऱ्यात मोठी गाडी तेवढी पळत नाही. त्यात थांबे धरा. अंधार पडल्यावर अनोळखी कॅम्पग्राउंडमध्ये शिरावं लागणार असेल, तर एक मुक्काम आधी घेतलेला चांगला.

आणि इतकं करूनही समोर कमी उंचीचा पूल आलाच, तर फलक दिसताच वेग कमी करा, पुलाच्या आधीच थांबा, धोक्याचे चारही दिवे लावा. "पुढची गाडी गेली म्हणजे आपलीही जाईल" असा हिशोब करू नका. मागची वाहतूक थांबल्याशिवाय रिव्हर्स घेऊ नका. पोलिसांना फोन करा, ते येऊन वाहतूक अडवतील. तोवर शेजारच्या माणसाने उतरून, सुरक्षित बाजूला उभं राहून मागून येणाऱ्यांना इशारा करावा. टोचन केलेली कार असेल तर रस्ता अडवल्यानंतरच ती सोडवा.