छातीवर ‘एक-दोन-तीन’ ऐकताना

स्टेथोस्कोपने श्वासाचे आवाज सगळे मन लावून ऐकतात, पण रुग्णाला बोलायला लावून ऐकणं विद्यार्थ्यांकडून हमखास राहतं. छातीत पाणी आहे की न्यूमोनिया, हा घोळ बऱ्याचदा इथेच सुटतो.

रुग्णाला बसवा. पाठ ऐकताना हातांची घडी घालून विरुद्ध खांदे धरायला सांगा, म्हणजे स्कॅप्युला (खांद्यामागची चपटी हाडं) बाजूला सरकतात. पदर, बनियन मध्ये नको. स्टेथोस्कोपचा डायफ्राम (चपटी चकती) घट्ट टेकवा. केसाळ छातीवर सैल धरलात तर केसांची करकर क्रेपिटेशन्ससारखी, म्हणजे आजारी फुप्फुसातल्या चुरचुर आवाजासारखी, वाटते.

“आजी, एक-दोन-तीन म्हणा. थांबू नका, आवाज एकसारखा ठेवा.” डावीकडे ऐकलं की लगेच उजवीकडे, त्याच पातळीवर. एक बाजू पूर्ण करून दुसरीकडे गेलात तर तुलनाच हातून जाते.

निरोगी फुप्फुसावर नुसती गुणगुण येते, शब्द फुटत नाहीत. हवेने भरलेलं फुप्फुस उच्च कंपनं गाळून टाकतं आणि शब्दांचा स्पष्टपणा त्यांतच असतो. न्यूमोनियात तोच भाग घट्ट झाला की ती कंपनं पार होतात आणि आकडे स्पष्ट ऐकू येतात. प्ल्यूरात, म्हणजे फुप्फुसाभोवतीच्या आवरणात, पाणी किंवा हवा साठली की आवाज दबतो. उजव्या फुप्फुसाच्या शिखरावर (वरच्या टोकावर) मात्र तो मुळातच थोडा मोठा असतो, कारण श्वासनलिका तिथे जवळ आहे. त्याला रोग समजू नका.

मग कुजबुज. इथे रुग्ण नेमके चुकतात: कुजबुजण्याऐवजी नुसतं हळू बोलतात. त्यांच्या गळ्यावर बोट ठेवा. थरथर लागली तर ती कुजबुज नव्हे. खरी कुजबुज निरोगी फुप्फुसावर जेमतेम ऐकू येते. घट्ट भागावर मात्र कोणी कानाशी बोलल्यासारखे आकडे येतात.

शेवटी लांब “ईऽऽ” म्हणवून घ्या. घट्ट भागावर, किंवा पाण्याच्या वरच्या कडेला, त्याचा नाकातला “एऽऽ” होतो. याला इगोफनी म्हणतात. ग्रीकमध्ये ‘आइक्स’ म्हणजे शेळी. माण-खटाव, जत-आटपाडीकडच्या पोरांना ते बेंबटणं वेगळं शिकवावं लागत नाही.

कान तयार करायला आधी स्वतःच्या श्वासनलिकेवर स्टेथोस्कोप ठेवून आकडे म्हणा, मग दुसऱ्या बरगडीखाली, मग काखेत. बोटांनी ठोकून पाहिल्याशिवाय निदान लिहू नका: आवाज दबलेला आणि ठोका दगडासारखा बद्द असेल तर पाणी, ठोका पोकळ घुमला तर हवा.