ॲनिस हिसॉप: बी मातीत पुरू नका

ॲनिस हिसॉपचं बी पहिल्यांदा पेरलं तेव्हा हात सवयीप्रमाणे चालला. चर पाडले, बी टाकलं आणि वर नखभर माती ओढली. तीन आठवडे इमानेइतबारे पाणी मारलं. ट्रेत उगवलं फक्त तण. बी जुनं असणार असं समजून, पाकिटात उरलेलं चिमूटभर बी वैतागून त्याच ट्रेवर झटकलं आणि ट्रे तसाच राहू दिला. दहा-बारा दिवसांनी पाहतो तर पृष्ठभागावर हिरवे ठिपके. बी चांगलंच होतं. चूक होती ती वर ओढलेल्या मातीची.

या बियांना रुजायला उजेड लागतो. बाकीचं सगळं थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं, पण ही एक गोष्ट चुकली की ट्रे रिकामा राहतो.

नावावर मात्र जाऊ नका. ही ॲनिस नाही आणि हिसॉपही नाही. ॲनिस म्हणजे बडीशेपेच्या कुळातली वनस्पती, आणि खरा हिसॉप हे वेगळंच झुडूप. आपली ही वनस्पती पुदिना-तुळशीच्या कुळातली आहे. शास्त्रीय नाव ॲगास्टॅकी फेनिक्युलम, आणि मूळ घर उत्तर अमेरिकेच्या मध्य-उत्तर भागातली गवताळ माळरानं. नावातल्या ‘फेनिक्युलम’चा अर्थ बडीशेप. पान चुरगळून नाकाशी नेलं की हे नाव का पडलं ते कळतं: आधी बडीशेपेचा गोड वास येतो, मागून हलकासा पुदिना. खोड पुदिन्यासारखंच चौकोनी, बोटांत फिरवलं की चार धारा लागतात. उंची साधारण 60 ते 120 सेंटिमीटर, आणि टोकाला जांभळट निळ्या फुलांची कणसं.

बी घेताना

पाकिटावरचं शास्त्रीय नाव वाचा. याच वंशातला कोरियन पुदिना, म्हणजे ॲगास्टॅकी रुगोसा, दिसायला इतका जवळचा आहे की दोघांची सरमिसळ होते. तोही खाण्याजोगा आहे, त्यामुळे बिघडत काही नाही, फक्त काय पेरतोय ते माहीत असावं. पानं उलटून पाहिली तर फरक कळतो. ॲनिस हिसॉपच्या पानाची खालची बाजू पांढुरकी असते. ‘गोल्डन ज्युबिली’ ही सोनेरी पानांची जात बियांपासून तयार होते. तिला 2003 साली ‘ऑल-अमेरिका सिलेक्शन्स’चा, म्हणजे नव्या जातींना दिला जाणारा अमेरिकेतला पुरस्कार मिळाला होता. ‘ब्लू फॉर्च्यून’ मात्र संकरित आणि वांझ आहे. ती छाटकलमानंच वाढवावी लागते, तिचं बी शोधत बसू नका.

थंडीची झोप

माळरानावर हे बी शरद ऋतूत गळतं, हिवाळाभर ओल्या गारठ्यात पडून राहतं आणि ऊब आली की जागं होतं. घरी हे काम फ्रीज करतो. ओल्या कागदी रुमालाच्या घडीत किंवा चमचाभर ओलसर वाळूत बी मिसळा, झिपच्या पिशवीत घाला, तारीख लिहा आणि तीन-चार आठवडे फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. फ्रीझरमध्ये नको. कागद ओलसर हवा, त्यातून पाणी ठिबकायला नको.

हे केल्याशिवाय उगवतच नाही असं नाही. बरंचसं बी तसंही रुजतं. पण गारठा मिळालेलं बी जवळजवळ एकदम वर येतं, नाहीतर आज दोन, पुढच्या आठवड्यात पाच असं चालतं. बी भरपूर असेल तर अर्धं थेट पेरा, अर्धं फ्रीजमध्ये ठेवा.

जिथे हिवाळ्यात दहिवर गोठतं, तिथे शेवटच्या गोठत्या रात्रीच्या सहा ते आठ आठवडे आधी घरात पेरणी करावी. जिथे तसा हिवाळाच नसतो तिथे हवा सौम्य असताना पेरा, म्हणजे उन्हाचा तडाखा सुरू होण्याआधी रोपं मुळं धरतात. शरदात बी थेट वाफ्यात भुरभुरून दिलं तरी चालतं, मग गारठ्याचं काम निसर्गच करतो. पण वाफ्यात तणाचं बीही असतंच, आणि ही रोपं सुरुवातीला इतकी बारीक असतात की खुरपणीत हकनाक जातात. पहिल्या खेपेला ट्रेच बरा.

पेरणी

तळाला भोकं असलेला उथळ ट्रे घ्या. त्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि थोडं पर्लाइट (मिश्रण भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे), किंवा रोपांसाठी मिळणारं बारीक मिश्रण भरा. बागेतली जड माती इथे नको. ती वरून घट्ट साय धरते. मिश्रण आधीच भिजवून घ्या. मुठीत दाबल्यावर एखाददुसरा थेंब गळावा, इतकी ओल पुरे. मग वरचा थर तळहातानं सपाट करा.

बी खसखशीसारखं बारीक असतं. बोटांच्या चिमटीतून ते एकाच जागी ढिगानं पडतं, म्हणून चिमूटभर बी दोन-तीन चमचे कोरड्या वाळूत मिसळून ती वाळू शिंपडा. वाळू कुठे पडली ते दिसतं, त्यामुळे पेरणीही सारखी होते. आता गुळगुळीत लाकडी फळी किंवा वाटीचा तळ घेऊन हलकेच दाबा. बी मिश्रणाला चिकटलं पाहिजे, गाडलं जायला नको. वर काहीही टाकू नका. हात शिवशिवले तरी.

पाणी झारीनं घालू नका, धारेबरोबर सगळं बी ट्रेच्या एका कोपऱ्यात जमा होतं. बारीक फवारा मारा, किंवा ट्रे पाण्यानं भरलेल्या परातीत ठेवून खालून पाणी शोषू द्या. वर पारदर्शक झाकण किंवा प्लास्टिक ठेवा आणि ट्रे उजेडात, पण थेट उन्हाबाहेर ठेवा. झाकणाखाली ऊन पडलं तर ट्रेची भट्टी होते. 18 ते 21 अंश सेल्सिअस तापमान या बियांना मानवतं. एक ते चार आठवड्यांत कोंब दिसतात. या काळात पृष्ठभाग एक दिवस जरी सुकला तरी फुटू पाहणारं बी मरतं, म्हणून सकाळी एकदा झाकण उचलून पाहायचं.

कोंब दिसले की झाकण काढून टाका. कोंदट हवेत नाजूक रोपं बुडाशी काळी पडून आडवी होतात, आणि एकदा सुरुवात झाली की दोन दिवसांत अख्खा कोपरा जातो. वारा खेळता ठेवा, पाणी खालून द्या, आणि उजेड भरपूर. उजेड कमी पडला तर रोपं दोऱ्यासारखी उंच होतात.

पहिली दोन गोलसर पानं ही बीजपत्रं. त्यांच्यावरून तण कोणतं आणि रोप कोणतं हे ओळखता येत नाही. खरी पानं दातेरी कडांची येतात. त्यांतलं एक चुरगळून हुंगा. इतक्या लहान वयातही बडीशेपेचा वास येतो. खात्री पटेपर्यंत ट्रेतलं काही उपटू नका.

जागा बदलताना

खऱ्या पानांच्या दोन जोड्या आल्या की रोपं वेगवेगळ्या छोट्या कुंड्यांत लावा. धरायचं ते पानाला, खोडाला कधीच नाही. पान फाटलं तर नवं येतं, खोड चेपलं तर रोपच गेलं. मुळांनी कुंडी भरली की बाहेर न्यायची तयारी करा: पहिल्या दिवशी तास-दोन तास सावलीत, मग रोज थोडा वेळ आणि थोडं ऊन वाढवत आठ-दहा दिवसांत पूर्णवेळ बाहेर.

वाफ्यात दोन रोपांत 30 ते 45 सेंटिमीटर अंतर ठेवा. पूर्ण ऊन हवं, आणि त्याहून महत्त्वाचा निचरा. मुळाशी पाणी साचलं की मुळकूज होते. जमीन चिकण असेल तर वाफा उंच करा किंवा सरळ कुंडी घ्या, किमान 25 ते 30 सेंटिमीटर रुंदीची. खताचा हात आखडता ठेवा. लावताना थोडं कंपोस्ट पुरतं. लाड केलेली झाडं नुसती पालेदार होतात आणि वाऱ्यात लोळतात.

रोप वीतभर झालं की शेंडा खुडा. जीवावर येतं, पण बाजूनं फांद्या फुटतात आणि जितके शेंडे तितकी कणसं. घरात वेळेवर पेरलेली रोपं बहुधा पहिल्याच वर्षी उन्हाळ्याच्या मध्यापासून फुलू लागतात. मग मधमाशा येतात आणि जात नाहीत. वाळलेली कणसं कापत राहिलात तर बहर लांबतो.

एकदा मुळं धरली की पाणी बेतानं द्या. मातीचा वरचा थर सुकल्यावर, आणि बुडाशी. दमट, कोंदट जागी पानांवर भुरी, म्हणजे पिठासारखी पांढरी बुरशी येते. त्यावर अंतर राखणं हाच मोठा उपाय, आणि भुरीची पानं काढून टाकायची.

पानं वापरायची असतील तर फुलं पूर्ण उमलायच्या जरा आधी तोडा, तेव्हा वास सर्वांत भरलेला असतो. एका वेळी झाडाचा तिसऱ्या भागाहून जास्त पाला घेऊ नका. लहान जुड्या सावलीत उलट्या टांगून वाळवल्या की चहासाठी ठेवता येतात. फुलंही खाता येतात. कणसातून एकेक फूल उपसून जिभेवर ठेवा.

झाड दोन-तीन वर्षंच जगतं, पण स्वतःचं बी स्वतःच पेरत राहतं. थंडीत वरचा भाग वाळतो. तो वसंतापर्यंत तसाच उभा ठेवा, पक्षी त्यातलं बी टिपतात. नवे कोंब उशिरा येतात, झाड मेलं समजून मूळ उकरू नका. बी हवं असेल तर कणीस तपकिरी झाल्यावर कागदी पिशवीत उलटं धरून झटका. त्यात बियांपेक्षा भुसाच जास्त दिसेल. चाळत बसू नका; पेरताना तो भुसाही वाळूबरोबर ट्रेवर शिंपडला तरी चालतो, फक्त थर पातळ ठेवा.