थार-जिम्नीत टॅब्लेट बसवताय? आधी या चुका टाळा

फोर बाय फोरमध्ये टॅब्लेट बसवायचा म्हटलं की बहुतेकांचा सगळा वेळ क्लॅम्प निवडण्यात जातो. कोणता मजबूत, कोणता दिसायला चांगला, कोणता ऑफरमध्ये मिळतोय. तो क्लॅम्प शेवटी कशावर उभा राहणार, हे कुणी फारसं बघत नाही. मग राजमाचीच्या वाटेवर गाडी लो रेंजमध्ये, म्हणजे कमी वेग-जास्त ताकदीच्या गिअरमध्ये, डुलायला लागली की क्लॅम्पची पकड शाबूत राहते आणि टॅब्लेटसकट अख्खा माउंट खाली येतो. कधी कधी नेमका क्लचच्या पेडलमागे.

सक्शन कपवर भरवसा

फोनला चालतो म्हणून टॅब्लेटलाही चालेल, असं होत नाही. दहा-अकरा इंची टॅब्लेट अर्ध्या किलोच्या आसपास भरतो, कव्हर आणि क्लॅम्प धरून पाऊण किलोच्या घरात जातो. शिवाय या गाड्यांचे डॅशबोर्ड खरखरीत प्लास्टिकचे, त्यावर कप नीट बसतच नाही. काचेवर बसतो, पण दुपारच्या उन्हात रबर मऊ पडतं आणि रस्त्याचा काही भागही झाकला जातो.

कप वारंवार सुटत असेल तर आधी डॅशबोर्ड पुसून बघा. सर्व्हिसिंगला दिलेली गाडी चकाकत परत येते ती सिलिकॉनवाल्या पॉलिशमुळे, आणि त्यावर कपही टिकत नाही, टेपही नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा स्वच्छ करा. दुहेरी टेप लावलात तर लगेच वजन टांगू नका. ३एमच्या व्हीएचबी टेपला पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात. आज संध्याकाळी चिकटवून उद्या पहाटे ट्रेलला निघणाऱ्यांचाच टेप सुटतो, आणि बोल मात्र टेपला लागतो.

एअरबॅगच्या वाटेत माउंट

या यादीतली ही एकच चूक जिवावर बेतणारी आहे. थार आणि जिम्नी दोन्हींत डावीकडे डॅशबोर्डवर धरायची दांडी असते. क्लॅम्प अडकवायला आयती जागा, म्हणून अनेकांचा हात तिकडेच जातो. पण शेजारच्या सीटची एअरबॅगही त्याच बाजूच्या डॅशबोर्डमधून उघडते, तीही पापणी लवायच्या आत. तिच्या वाटेत आलेला टॅब्लेट सरळ शेजाऱ्याच्या तोंडावर जाईल. आणि मुळात ती दांडी शेजाऱ्याने धरण्यासाठी आहे. चढावर त्याने धरायचं काय, तुमचा टॅब्लेट?

डॅशबोर्डला भोक पाडायचं असेल तर मागे वायरिंग कुठून जातं ते पाहिल्याशिवाय ड्रिल हातात घेऊ नका. नुसत्या प्लास्टिकमध्ये पिळलेला स्क्रू हादऱ्यांनी भोक मोठं करत जातो आणि एक दिवस हातात येतो. आत पत्रा किंवा ब्रॅकेट सापडलं तरच भोक पाडण्यात अर्थ आहे.

माझं मत विचाराल तर शेजारच्या सीटच्या पुढच्या बोल्टखाली बसणारा, ड्रिल न लागणारा पाया सगळ्यांत भरवशाचा. तो थेट गाडीच्या फ्लोअरवर उभा राहतो. मात्र सीटचा बोल्ट म्हणजे सुरक्षेचा बोल्ट. तो अंदाजाने आवळायचा नाही, कंपनीने दिलेल्या टॉर्कला, म्हणजे ठरलेल्या जोराला, टॉर्क रेंचनेच घट्ट करायचा. पाया बसला की सीट पूर्ण पुढे-मागे सरकवून बघा. मग गाडी उभी असतानाच सगळे गिअर टाकून बघा, रिव्हर्स आणि फोर-एलसकट (फोर-एल म्हणजे तीच लो रेंज). दांडा फोर-एलच्या लिव्हरला अडतोय हे चिखलात रुतल्यावर कळलं तर काय उपयोग?

लांब दांडा, ढिला नट

स्क्रीन जवळ यावी म्हणून लोक लांब दांडा घेतात. दांडा दुप्पट लांब केला की सांध्यावरचा ताण दुप्पट होतो, वर खड्ड्यांचे दणके वेगळे. टॅब्लेट हळूहळू मान टाकत असेल तर आधी दांडा आखूड करा, मग सांध्यातल्या बॉलचा, म्हणजे गोळ्याचा, आकार बघा. रॅम कंपनीच्या माउंटमध्ये एक इंची आणि दीड इंची बॉल मिळतात. मोठ्या टॅब्लेटला दीड इंचीच घ्या. बॉलवर धूळ किंवा पॉलिश असेल तर कितीही आवळा, तो घसरणारच. कोरड्या फडक्याने पुसा आणि तेलाचा थेंबही लावू नका. खडखड थांबवायला सांध्यात तेल सोडणारे महाभाग असतात.

साधे नट हादऱ्यांनी सुटतात, तिथे नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले) वापरा. घट्ट केल्यावर नट आणि पायावरून नेलपॉलिशची एक आडवी रेघ ओढा. ट्रेलवरून परतल्यावर रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय, पाना न लावताच कळतं.

चार्जिंगला लावलाय, तरी टक्के उतरतायत

गाडीच्या जुन्या यूएसबी पोर्टमधून पाच वॅट मिळाले तरी नशीब. पूर्ण ब्राइटनेसवर नकाशा चालू असलेला टॅब्लेट त्याहून जास्त खातो. १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये चांगला पीडी (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे जास्त वॅट देणारा) चार्जर लावा आणि केबल माउंटलाच बांधून थोडी सैल सोडा, नाहीतर प्रत्येक दणक्याचा ताण चार्जिंगच्या पिनवर येतो. स्क्रीन आपोआप मंद होत असेल तर ते गरम झाल्याचं लक्षण. ॲपल आयपॅडसाठी ३५ अंशांपर्यंतचं तापमान सांगते, आणि एप्रिलमध्ये काचेमागे ते सहज ओलांडलं जातं. जाड कव्हर काढा, एसीचा एक झोत टॅब्लेटच्या पाठीवर वळवा.

नकाशावरचा निळा ठिपका हलतच नसेल तर माउंटला दोष देऊ नका. फक्त वाय-फायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतंच. सिम चालणारं मॉडेल घ्या किंवा ब्लूटूथ जीपीएस रिसीव्हर जोडा, आणि ऑफलाइन नकाशा लोणावळ्यात रेंज असतानाच उतरवून ठेवा.