थंडीत निवडुंग कोरडा, क्रोटन ओलसर: कोल्हापूरच्या गच्चीवरची निगा

कोल्हापुरात निवडुंग थंडीने सहसा मरत नाही, थंडीत मुळाशी साचलेल्या ओलीने मरतो. डिसेंबर-जानेवारीत इथली पहाट साधारण १४-१५ अंशांची असते, एखाद्या वर्षी पारा १० च्या जवळ उतरतो. बहुतेक जातींना एवढ्याचे काहीच वाटत नाही. ओपन्शियाच्या, म्हणजे फड्या निवडुंगाच्या, काही जाती तर कॅनडातल्या बर्फातही तग धरतात. हिवाळा लागताच त्या अंगातले पाणी कमी करतात आणि सुरकुतून जमिनीवर आडव्या होतात. आत उरलेला रस दाट झाल्याने सहजासहजी गोठत नाही. आपल्याकडचा निवडुंगही जानेवारीत जरा आक्रसतो. त्याला तहान लागली असे समजून तांब्याभर पाणी ओतले, की तिथेच घात होतो.

गार मातीत मुळे पाणी फारसे ओढत नाहीत आणि माती वाळायलाही दुप्पट वेळ घेते. म्हणून नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चार इंची कुंडीला १५ ते २० दिवसांतून एकदा अर्धा कप पाणी पुष्कळ झाले. त्याआधी अगरबत्तीची जळून उरलेली काडी कुंडीच्या तळापर्यंत खुपसा आणि दोन मिनिटांनी काढा. तिला माती चिकटली किंवा ती गार लागली, तर आणखी आठवडाभर थांबा. पाणी सकाळी दहाच्या सुमारास, उन्हात, खोडाला न लावता कडेने घाला. खत पूर्ण बंद. या दिवसांत नत्र दिले की कोवळी, पाणचट वाढ होते आणि कुजायला तिथूनच सुरुवात होते.

माती चुकली असेल तर पाण्याचे कितीही गणित मांडा, उपयोग नाही. पंचगंगाकाठची काळी माती निवडुंगाला नकोच, ती ओल धरून बसते. दोन भाग धुतलेली जाड वाळू, एक भाग पोयटा, एक भाग हरभऱ्याएवढे विटांचे तुकडे आणि अर्धा भाग जुने, चाळलेले शेणखत असे मिश्रण करा. कुंडीखालची ताटली थंडीत काढूनच ठेवा. मात्र कुंडी बदलायचे काम आता नको, ते फेब्रुवारीच्या शेवटी करा.

खरी धास्ती अवकाळी पावसाची. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये समुद्रात वादळ उठले की इकडे दोन दिवस रिपरिप लागते. कुंड्यांवर पारदर्शक पत्रा किंवा जाड प्लास्टिक तिरके बांधा, पण बाजू उघड्या ठेवा. चारी बाजूंनी गुंडाळले तर आत घाम धरतो आणि बुरशी येते.

लाल-पिवळ्या डोक्याचा कलमी निवडुंग मात्र नाजूक. त्याचा खालचा हिरवा खुंट उष्ण प्रदेशातल्या वेलीचा असतो, म्हणून रात्री पारा १२ च्या खाली जाऊ लागला की त्याला घरात, पूर्वेच्या खिडकीत घ्या. ख्रिसमस कॅक्टसचेही वेगळेच. तो ब्राझीलच्या जंगलात झाडांवर वाढणारा, त्याला कळ्या असताना वरची माती वाळली की पाणी हवे. कळ्या धरल्यावर कुंडीची जागा बदलू नका, कळ्या गळतात.

बुंधा तपकिरी, मऊ पडला तर वाट बघू नका. स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने वरून निरोगी भाग कापा. कापावर तपकिरी वर्तुळ किंवा ठिपका दिसला तर आणखी वर कापा, अगदी स्वच्छ गर लागेपर्यंत. कापलेला तुकडा सावलीत किमान दहा दिवस सुकवून कोरड्या वाळूवर नुसता टेकवून ठेवा. मुळे फुटेपर्यंत पाणी नाही. थंडीत त्याला महिनाही लागतो.

क्रोटन, इक्झोरा, ड्रेसिना या सदाहरित झाडांचे नेमके उलटे. त्यांची पाने वर्षभर पाणी बाहेर टाकत राहतात आणि थंडीतला कोरडा वारा ती ओल झपाट्याने ओढतो. गारठलेली मुळे तेवढे पुरवू शकत नाहीत, मग पानांच्या कडा करपतात आणि क्रोटनची खालची पाने झडतात. अशा झाडांना तीन-चार दिवसांनी, वरची बोटभर माती वाळल्यावर पाणी द्या. गच्चीवरच्या टाकीतले पहाटेचे गार पाणी नको, ऊन वर आल्यावर घाला. आच्छादनाला उसाचे पाचट उत्तम, आणि ऊसतोडीच्या हंगामात ते मिळतेही सहज. त्याचा दोन इंच थर द्या, पण खोडापासून दोन इंच जागा मोकळी सोडा. वाळवीचा उपद्रव असेल तिथे पाचट टाळून नारळाच्या शेंड्या वापरा. निवडुंगाच्या कुंडीत यातले काहीही घालू नका. पानांच्या मागे बारीक जाळी दिसली तर ती लाल कोळी या बारीक किडीची, दोनदा जोराच्या फवाऱ्याने पाने खालून धुवा.

घरात घेतलेल्या कुंड्या फेब्रुवारीत एकदम उन्हात काढू नका. निवडुंगावर पांढरट डाग पडतो आणि तो कधीच जात नाही. पहिले आठ दिवस फक्त सकाळचे ऊन, मग दुपारी ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी, आणि मार्च लागला की हळूहळू पाणी वाढवा.