सीईटीला तीन आठवडे उरलेत आणि दोन विषय कच्चे आहेत: आता काय करायचं

एमबीए सीईटी म्हणजे एमबीएच्या प्रवेशासाठीची राज्याची परीक्षा. तिचा पेपर 200 प्रश्नांचा, वेळ 150 मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला 45 सेकंद. लॉजिकल रीझनिंगचे (तर्काचे) 75 प्रश्न, अ‍ॅबस्ट्रॅक्टचे (आकृत्यांतला नियम ओळखायचे) 25, गणिताचे 50 आणि इंग्रजीचे 50. प्रत्येक प्रश्नाला एक गुण, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत आणि विभागवार वेळ बांधून दिलेली नसते. शेवटच्या तीन आठवड्यांचं सगळं गणित या आकड्यांवरच बसवायचं. कारण या पेपरात ‘कच्चं’ म्हणजे फक्त न येणारं नव्हे. उत्तर बरोबर येतं पण दोन मिनिटं खातं, तो प्रश्नप्रकारही कच्चाच धरायचा.

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या कुठल्याही अभ्यासिकेत विचारा, दहातले सात जण सांगतील, ‘क्वांट वीक आहे.’ क्वांट, म्हणजे गणिताचा भाग, हा काही एक विषय नाही. त्यात टक्केवारी आहे, काळ-काम-वेग आहे, सरासरी आहे, तक्ते-आलेख आहेत. नेमकं कुठं अडतंय हे कळल्याशिवाय पुस्तक पहिल्या पानापासून उघडलं, तर तीन आठवडे पहिल्या चार प्रकरणांतच जातात. आणि ती चार प्रकरणं बहुधा आधीच येत असतात.

आधी दुखणं शोधा

शेवटच्या दोन पूर्ण मॉक टेस्ट (सराव परीक्षा) समोर घ्या. एकही दिली नसेल तर उद्याच द्या. तयारी झाल्यावर देऊ म्हणाल तर ती वेळ येत नाही. मॉक मोबाइलवर देऊ नका. संगणकावर, माउस हातात घेऊन, सलग अडीच तास बसा. घरी संगणक नसेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा नेट कॅफेत जा, पण मोठ्या पडद्यावरच द्या. आलेख आणि आकृत्या मोबाइलवर बोटांनी मोठ्या करून बघायची सवय लागली, की परीक्षेत हात अडखळतो.

निकाल आला की तीन गट बाजूला काढा: चुकलेले प्रश्न, सोडलेले प्रश्न, आणि बरोबर आलेले पण 90 सेकंदांच्या वर गेलेले प्रश्न. तिसरा गट बहुतेक जण बघतच नाहीत, आणि गुण तिथंच अडकलेले असतात. बहुतेक मॉक टेस्टमध्ये प्रश्नवार वेळ दिसते. कागदावर सोडवत असाल तर फोनच्या स्टॉपवॉचमधलं लॅपचं बटण दाबत चला.

आता चुकलेले आणि सोडलेले प्रश्न, उत्तराचं स्पष्टीकरण न बघता, घड्याळ न लावता पुन्हा सोडवा. ही पायरी गाळू नका. त्यानंतर प्रत्येक प्रश्नासमोर वहीत एक खूण करा. ‘न’ म्हणजे नाहीच येत, निवांत बसूनही पहिली पायरी सुचली नाही. ‘वे’ म्हणजे येतं, पण वेळ लागतो. 90 सेकंदांवर गेलेले बरोबर प्रश्नही यातच घाला. ‘वा’ म्हणजे वाचण्यात चूक: ‘नाही’ हा शब्द सुटला, डावं-उजवं उलटं झालं, विचारलं एक आणि काढलं भलतंच. ‘ह’ म्हणजे रीत बरोबर, हिशेब चुकला.

पुन्हा सोडवल्यावर ‘न’ची यादी वाटली होती त्यापेक्षा बरीच लहान निघते. ‘वे’ आणि ‘वा’ फुगतात. ही चांगली बातमी आहे, कारण ‘न’ला नवी संकल्पना शिकावी लागते आणि बाकीच्या तिघांना फक्त सवय बदलावी लागते.

काय धरायचं, काय सोडायचं

‘वा’ आणि ‘ह’ सगळ्यात स्वस्त, म्हणून आधी ते. मग ‘वे’, पण ज्या प्रकारावर जास्त प्रश्न येतात तोच. इथं मांडणी (कोण कुठं बसलंय, असे प्रश्न) आणि तक्ते-आलेख बहुधा वर निघतात. ‘न’मधले फक्त दोन विषय निवडा, तिसरा नको. निवडताना बघा की त्या विषयावर दुसरे विषय किती उभे आहेत. टक्केवारी आणि गुणोत्तर पक्कं झालं की नफा-तोटा, व्याज, मिश्रण, तक्ते-आलेख सगळंच हलकं होतं. उलट क्रमचय-संचय आणि संभाव्यता मुळातूनच येत नसेल, तर तीन आठवड्यांत त्यामागं लागू नका. तीन-चार प्रश्नांसाठी आठवडा जातो. ते प्रश्न पेपरात अंदाजानं टिपायचे, त्याची रीत पुढं येईल.

पदवीच्या शेवटच्या वर्षाला असाल तर शिवाजी विद्यापीठाच्या उन्हाळी सत्राचं ओझंही याच दिवसांत डोक्यावर असतं. रोज तीन तास मिळत असतील तर दीड तास कच्च्या भागाला, पाऊण तास जे येतं ते गरम ठेवायला, आणि पाऊण तास वहीतल्या जुन्या चुका पुन्हा सोडवायला. जे येतं त्याला हात लावायचंच थांबवलं, तर पंधरा दिवसांत त्याचाही वेग उतरतो.

टक्केवारी: भागाकार बंद करा

तक्ते-आलेखांत वेळ जातो तो आलेख समजण्यात नाही, भागाकारात. परीक्षेत कॅल्क्युलेटर नसतो. म्हणून अपूर्णांकांच्या टक्केवाऱ्या तोंडपाठ करा: 1/6 म्हणजे 16.66, 1/7 म्हणजे 14.28, 1/8 म्हणजे 12.5, 1/9 म्हणजे 11.11, 1/11 म्हणजे 9.09, 1/12 म्हणजे 8.33. यांच्या पटीही आल्या पाहिजेत. 3/7 म्हटलं की 42.85 निघालं पाहिजे.

उदाहरण घ्या. गुळाचा भाव क्विंटलला 3,600 वरून 4,050 झाला. वाढ 450. 450 हा 3,600 चा आठवा भाग, म्हणजे 12.5 टक्के वाढ. कागदाला पेन लावायची गरज नाही. आता तोच भाव 4,050 वरून पुन्हा 3,600 वर आला. घट किती? इथं घाईत 12.5 टिपलं जातं, आणि पर्यायांत 12.5 ठेवलेलंच असतं. फरक तोच 450, पण पाया आता 4,050. नववा भाग, म्हणजे 11.11 टक्के. ‘कशाच्या तुलनेत’ हा शब्द प्रश्नात सापडेपर्यंत आकडेमोड सुरू करायची नाही. ‘वा’ची निम्मी दुखणी या एका सवयीनं जातात.

पर्याय एकमेकांपासून लांब असतील (18, 24, 31, 40, 47) तर आकडे सरळ गोळाबेरीज करून घ्या. 2,987 ला 3,000 धरा. पर्याय जवळजवळचे (23.4, 23.9, 24.2) असले तरच नेमका हिशेब करा. त्यामुळं आकडेमोड करण्याआधी पर्यायांवर नजर टाकायचीच.

मांडणीचे प्रश्न: सगळ्यात जास्त वेळ इथं द्या

लॉजिकल रीझनिंगच्या 75 प्रश्नांत बैठकमांडणी आणि कोड्यांचे संच मोठी जागा खातात. एका संचावर साधारण पाच प्रश्न. 45 सेकंदांच्या हिशेबानं पूर्ण संचाला 3 मिनिटं 45 सेकंद येतात, त्यातली अडीच आकृती बनवण्यात गेली तरी चालतात. अडचण येते ती आकृती दुसऱ्यांदा काढावी लागली की.

पहिल्यांदा सगळ्या अटी एकदा वाचून काढा, पेन न उचलता. मग नक्की जागा सांगणारी अट घ्या (‘अ हा डाव्या टोकाला आहे’), त्यानंतर तिच्याशी जोडलेली, आणि ‘ब हा क च्या शेजारी नाही’ अशा नकारी अटी कडेला फुली मारून लिहून ठेवा. त्या शेवटी कामाला येतात. एखाद्या अटीतून दोन शक्यता निघाल्या तर खोडाखोड करू नका. दोन आकृत्या शेजारीशेजारी काढा आणि पुढच्या अटी दोन्हींत भरत चला. एक आपोआप मोडते. एकाच आकृतीत खोडून पुन्हा लिहिण्यात जो गोंधळ होतो, त्यातच चार-पाच मिनिटं जातात आणि शेवटी संच सोडावा लागतो.

गोल टेबलाची मेख दिशेत आहे. माणूस केंद्राकडं तोंड करून बसला असेल तर त्याचा उजवा हात घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेला येतो. बाहेर तोंड असेल तर काट्याच्या दिशेला. हे पाठ करण्यापेक्षा प्रत्येक नावापुढं लहानसा बाण काढा, आत किंवा बाहेर. पटत नसेल तर वर्तुळाच्या तळाशी स्वतःला बसलेलं कल्पा: समोर केंद्र, उजवा हात पूर्वेला, म्हणजे सहाच्या आकड्याकडून तीनकडं. मिश्र दिशांच्या संचात बाण न काढता सोडवणारे हुशार विद्यार्थीही तिसऱ्या अटीला घसरतात.

सराव कसा? पहिला आठवडा रोज चार संच, घड्याळाशिवाय, पण आकृती एकाच दमात झाली पाहिजे ही अट. दुसऱ्या आठवड्यात रोज सहा संच, प्रत्येकी पाच मिनिटं. तिसऱ्यात चार मिनिटं. सुरुवातीलाच घड्याळ लावलं तर घाईची सवय पक्की होते आणि ‘वा’ वाढतात. पेपरात तीन मिनिटं झाली आणि आकृतीत निम्म्याहून जास्त जागा रिकाम्या असतील, तर उठा तिथून. जड जातं, पण उठा. अहंकारापोटी धरून ठेवलेला एक संच दहा सोपे प्रश्न गिळतो.

अ‍ॅबस्ट्रॅक्ट आणि इंग्रजी

अ‍ॅबस्ट्रॅक्टच्या 25 प्रश्नांत सर्वांत लवकर सुधारणा दिसते, तरी लोक हा भाग नशिबावर सोडतात. पूर्ण आकृतीकडं टक लावून बघू नका. तिच्यातला एकच घटक धरा, उदाहरणार्थ काळा ठिपका, आणि क्रमानं तपासा: तो कुठं सरकला, किती अंशांत फिरला (45, 90 की 135), रंग बदलला का, संख्या वाढली का. एका घटकाचा नियम सापडला की पाचातले दोन-तीन पर्याय लगेच उडतात. मग दुसरा घटक. रोज 25 आकृत्या, प्रत्येकी 30 सेकंद. दहा दिवसांत फरक जाणवतो.

इंग्रजीला या टप्प्यावर शब्दसंग्रहाच्या यादीमागं लागणं फुकट आहे. मराठी माध्यमातून आलेल्यांनी उताऱ्यांवर भर द्यावा. आधी प्रश्न वाचा, पर्याय नकोत. मग उतारा वाचताना प्रत्येक परिच्छेदाला मनातल्या मनात मराठीत एक ओळ जोडा: ‘इथं तो विरोध करतोय’, ‘इथं उदाहरण दिलंय’. उत्तर उताऱ्यातूनच द्यायचं, स्वतःच्या सामान्यज्ञानातून नव्हे. पर्याय खरा वाटतो पण उताऱ्यात नाही, तर तो चूक. व्याकरणात कर्ता-क्रियापदाचा मेळ, शब्दयोगी अव्ययं आणि काळ एवढं बघा. ‘वन ऑफ द’नंतर नाम अनेकवचनी आणि क्रियापद एकवचनी, अशा ठरलेल्या जागा पंधरा-वीस आहेत. त्या एका पानावर लिहून भिंतीला लावा.

मॉक किती, आणि शेवटची कधी

तीन आठवड्यांत पाच-सहा पूर्ण मॉक पुरे. रोज एक देणाऱ्यांचे गुण बहुधा त्याच जागी राहतात, कारण चुका तपासायला वेळच उरत नाही. अडीच तासांच्या पेपरला तपासणीही तेवढीच लागते. प्रवेशपत्रावर जे सत्र आलं असेल त्याच वेळेला मॉक द्या. दुपारचं सत्र असेल तर एप्रिलच्या उन्हात, जेवण झाल्यावर, डोकं चालवायचा सराव हवा. शेवटची पूर्ण मॉक परीक्षेच्या तीन दिवस आधी. त्यानंतर फक्त वही. नवं प्रकरण उघडायचं नाही, कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘महत्त्वाचे 500 प्रश्न’ पाठवले तरी नाही.

अंदाजाची रीतही मॉकमध्येच बसवा. गुण कापत नसल्यानं एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. पर्याय पाच असतात. 30 प्रश्न डोळे मिटून टिपले तरी सरासरीनं सहा लागतात. दोन पर्याय आधीच उडवलेले असतील तर तेच दहावर जातं. पण टिपायला वेळ लागतो: प्रश्न उघडा, पर्याय दाबा, जतन करा, यात चार-पाच सेकंद जातात. त्यामुळं घड्याळात तीन मिनिटं उरली की नवा प्रश्न सोडवणं थांबवून थेट टिपायला घ्या. नुसता पर्याय निवडून पुढच्या प्रश्नावर उडी मारली तर उत्तर नोंदलं जाईलच असं नाही, जतन करून पुढं जायचं बटण दाबावं लागतं. सुरुवातीच्या सूचनांत हे लिहिलेलं असतं, ती पानं शांतपणे वाचा.

परीक्षा अनेक सत्रांत होते आणि गुण एका पातळीवर आणून पर्सेंटाइल काढतात. बाहेर आल्यावर ‘सकाळचा पेपर सोपा होता’ हे ऐकून मनाला लावून घेऊ नका.

केंद्राचा पत्ता नीट वाचा. ‘कोल्हापूर’ म्हटलं तरी कॉलेज गोकुळ शिरगावला असू शकतं नाहीतर अतिग्रेला, आणि दोन्ही रस्ते वेगवेगळ्या दिशांना. परीक्षा चैत्र पौर्णिमेच्या आसपास आली तर जोतिबाच्या यात्रेची गर्दी धरून निघा; एसटी आणि रिक्षा दोन्हींचा भरवसा त्या दिवसांत धरता येत नाही. गडहिंग्लज, चंदगडकडून येणाऱ्यांनी सकाळच्या सत्रासाठी आदल्या रात्रीच शहरात मुक्काम करावा. ओळखपत्र मूळ हवं, आणि त्यावरचं नाव प्रवेशपत्रावरच्या नावाशी जुळतंय का हे आठवडाभर आधी बघा.

कच्च्या कामाचा कागद हातात आला की त्यावर आडव्या-उभ्या घड्या पाडून चौकोन करा. प्रत्येक संच एका चौकोनात, आणि कोपऱ्यात प्रश्नाचा क्रमांक. अर्धवट सोडलेल्या संचाकडं तासाभरानं परत आलात, तर आकृती तिथंच सापडते, पुन्हा काढावी लागत नाही.