घरच्या वर्कशॉपमध्ये मिलिंग कटरला कमी खर्चात धार

बोथट झालेला एंड मिल (टोकावर आणि कडेला दात असलेला मिलिंग कटर) दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली धरला, तर झीज कुठे झाली आहे ते लगेच कळते. धारेच्या कडेला उजेडात चमकणारी एक बारीक पांढरी रेघ दिसते. ही रेघ टोकाच्या दातांवर आणि बाहेरच्या कोपऱ्यांवर सर्वांत रुंद असते, आणि कडेच्या सर्पिल धारेवर आपण नेहमी जेवढ्या खोलीचा काप घेतो तेवढ्याच उंचीपर्यंत चढलेली असते. त्याच्या वरची धार बहुधा जशीच्या तशी शाबूत राहते. म्हणून घरच्या वर्कशॉपमध्ये झिजलेले टोक कापून टाकावे, टोकाचे दात नव्याने घासावेत आणि कडेच्या धारेला हात लावू नये, हीच पद्धत मी योग्य मानतो. कडेची धार लावायची तर कटर एकाच वेळी फिरत आणि सरकत राहील असे महागडे फिक्श्चर लागते, शिवाय व्यास कमी झाल्यामुळे त्या कटरने नेमक्या मापाची खाच एका फेरीत काढता येत नाही. टोक घासल्याने फक्त लांबी कमी होते.

चकाकणारी रेघ साधारण ०.३ मिलिमीटर रुंद होण्याच्या आत कटर धारेला काढावा. त्यापुढे तो कापण्याऐवजी घासू लागतो, त्यामुळे उष्णता वाढते, कोपरे तुटतात आणि नंतर फार जास्त धातू काढावा लागतो.

घासण्याच्या चाकाची निवड कटरच्या धातूवर अवलंबून असते. हायस्पीड स्टीलच्या कटरसाठी ६० ते ८० ग्रिटचे पांढरे ॲल्युमिनियम ऑक्साइडचे चाक पुरेसे आणि स्वस्त आहे. सीबीएनचे (क्यूबिक बोरॉन नायट्राइड या अतिकठीण पदार्थाचे) चाक अधिक टिकते, पण त्याची किंमतही तशीच असते. कार्बाइडवर (टंगस्टन कार्बाइडच्या फार कठीण कटरवर) पांढरे चाक निरुपयोगी ठरते, त्यासाठी डायमंड चाक लागते. डायमंड चाकावर हायस्पीड स्टील घासण्याचा मोह टाळावा, कारण तापलेल्या लोखंडात हिऱ्याचा कार्बन विरघळतो आणि चाक अकाली झिजते. दातांसाठी वाटीच्या आकाराचे चाक घ्यावे, म्हणजे त्याच्या सपाट काठावर दात सपाट घासला जातो. साध्या सरळ चाकाच्या बाजूवर दाब देऊन घासणे धोक्याचे आहे, कारण ते चाक बाजूचा दाब सोसण्यासाठी बनवलेले नसते. चाकावर छापलेला कमाल वेग ग्राइंडरच्या वेगापेक्षा जास्त असल्याची खात्री करूनच ते बसवावे.

महागड्या धार यंत्राची जागा इथे कोलेट ब्लॉक घेतो, म्हणजे कोलेट (कटर आवळून धरणारी चिरलेली नळी) बसवलेला धातूचा ठोकळा. चौकोनी ब्लॉक दोन आणि चार दातांच्या कटरसाठी, तर षटकोनी ब्लॉक तीन आणि सहा दातांच्या कटरसाठी वापरावा. ब्लॉकची एक बाजू टेकवून दात घासला, ब्लॉक पुढच्या बाजूवर वळवला की पुढचा दात आपोआप त्याच जागी येतो. कंपन कमी व्हावे म्हणून काही कार्बाइड कटरचे दात मुद्दाम असमान अंतरावर ठेवलेले असतात, त्यांना ही युक्ती लागू पडत नाही. ब्लॉकसाठी ग्राइंडरसमोर एक सपाट, घट्ट टेबल हवे. त्याचा उतार बदलता यावा, त्यावर ब्लॉक सरकवण्यासाठी पट्टी असावी, आणि ब्लॉक चाकाकडे किती पुढे जाईल ते ठरवणारा एक स्क्रूचा अडसर असावा. हे सगळे जाड पट्टीच्या तुकड्यांपासून घरीच करता येते. मात्र अडसर हलता कामा नये, कारण सगळे दात समान उंचीचे होणे त्याच्यावरच अवलंबून आहे.

कटर कोलेटमध्ये सैल ठेवून ब्लॉक सपाट पृष्ठावर टेकवावा आणि घासायच्या दाताची टोकाकडची धार आडवी येईपर्यंत कटर हाताने फिरवावा; धारेला पातळ स्टील पट्टी लावून पाहिली तर अर्ध्या अंशाचाही कल नजरेला कळतो. नेहमीच्या उजव्या, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणाऱ्या कटरमध्ये, शँकच्या (कटरच्या धरायच्या दांड्याच्या) बाजूने पाहताना, डाव्या हाताचा दात घासायचा असतो आणि त्याचा कापणारा पृष्ठभाग वर असतो. मग कोलेट घट्ट आवळावे.

आता कोन. टेबलाचा उतार असा ठेवावा की कटरचे टोक शँकपेक्षा ६ ते ७ अंशांनी वर राहील. त्यामुळे धारेखालचा भाग चाकाला अधिक लागतो आणि धारेमागे आवश्यक ती मोकळीक तयार होते. उलट उतार दिला तर दाताची टाच (धारेमागचा भाग) धारेच्या पुढे येते आणि कटर अजिबात कापत नाही, म्हणून पहिल्या स्पर्शानंतरच भिंगातून पाहून घ्यावे. दुसरा कोन आडव्या दिशेचा असतो: मार्गदर्शक पट्टी १ ते २ अंश वळवावी, म्हणजे दात मध्याकडे किंचित खोल होतो आणि काम करताना बाहेरचा कोपरा आधी लागतो. या वळणामुळे समोरचा दात चाकाच्या आणखी जवळ येतो, म्हणून चाकाचा काठ मध्यापाशीच थांबेल असा आडवा अडसरही लावावा. चाकाची जी बाजू खाली जाते, तिच्यावरच घासावे. दाब टेबलावर येतो आणि कटर उसळत नाही.

कामाचा क्रम मी असा ठेवतो. पातळ कटिंग चाकाने झिजलेले टोक सरळ कापून काढावे आणि चाकाची कड तासून धारदार करून मधली खाच पुन्हा काढावी. ही खाच दातांना मध्यापासून वेगळे करते आणि चिपला (कापलेल्या धातूच्या तुकड्यांना) जागा देते. मध्य कापणाऱ्या कटरमध्ये किमान एक दात मध्याच्या पार गेलेला असतो, तो खाच काढताना तोडू नये. त्यानंतर टेबल १४ ते १५ अंशांवर नेऊन दुसरी, जास्त मोकळीक घासावी आणि शेवटी ६ ते ७ अंशांवर येऊन धारेलगतची अर्धा ते एक मिलिमीटर रुंद पट्टी घासावी. ही शेवटची फेरी सर्व दातांवर अडसर न हलवता, अगदी हलक्या हाताने, ठिणग्या जवळजवळ थांबेपर्यंत घ्यावी.

हायस्पीड स्टील सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत कठीण राहते, त्यामुळे धारेवर किंचित रंग आला म्हणून कटरचे पाणी (कठीणपणा) उतरत नाही; पण पातळ कोपरा क्षणात तापतो, म्हणून प्रत्येक फेरीत काही शतांश मिलिमीटरच घ्यावे. तापलेला कटर पाण्यात बुडवू नये. त्याने बारीक भेगा पडतात, आणि कार्बाइडच्या बाबतीत तर हा धोका फार मोठा आहे. कार्बाइडच्या धुळीत कोबाल्ट असतो आणि तो फुप्फुसांना अपायकारक आहे, त्यामुळे गॉगलबरोबर चांगला मास्क आणि धूळ ओढून घेणारी सोय असल्याशिवाय कार्बाइड घासूच नये.

धार लागल्यावर कटर ब्लॉकसह सपाट पृष्ठावर ठेवून प्रत्येक दाताची उंची डायल गेजने त्याच जागी तपासावी. फरक ०.०२ मिलिमीटरच्या आत असेल तर सगळे दात भार वाटून घेतात. एक दात उंच राहिला तर तो एकटाच कापतो आणि सर्वांत आधी झिजतो. बारीक डायमंड पट्टीने धारेवरची बर (घासताना उरलेली बारीक खरबरीत कड) हलकेच काढून टाकावी. ५–६ मिलिमीटरपेक्षा बारीक कटरवर एवढे श्रम सहसा वाया जातात. ज्याचा दात कडेच्या धारेपर्यंत वर तुटलेला आहे, तो कटरही सोडून द्यावा. लेप दिलेल्या कटरचा लेप फक्त घासलेल्या भागावरून जातो, म्हणून तो थोड्या कमी वेगाने वापरावा.

गिअर कापण्याचे आणि आकार काढण्याचे कटर मात्र वेगळ्या नियमाने चालतात. त्यांच्या दाताची पाठ अशा वळणाने घडवलेली असते की पुढचा पृष्ठभाग कितीही घासला तरी आकृती बदलत नाही. म्हणून त्यांना फक्त दाताच्या समोरच्या पृष्ठभागावरच धार लावावी. बहुतेक गिअर कटरमध्ये हा पृष्ठभाग कटरच्या केंद्राच्या रेषेत असतो, आणि तो तसाच राहिला पाहिजे, अन्यथा गिअरच्या दाताचा आकार बिघडतो. पट्टीत बसवलेल्या पिनेवर कटर ठेवावा आणि घासायच्या दाताच्याच पाठीला बोटासारखा एक धातूचा पक्का अडसर टेकवावा, म्हणजे प्रत्येक दात समान जाडीचा उरतो. बशीच्या आकाराच्या चाकाची सपाट बाजू पिनेच्या मध्यावरून जाणाऱ्या रेषेत आणून घेतली, की दर दाताला एक-दोन हलक्या फेऱ्या पुरतात.